बापपणाचा राजीनामा

तालुक्याच्या कचेरीबाहेर मुद्रांकावर जी लिखापढी चालते, तीत एक दस्तऐवज असा असतो की, त्याची नोंद कोणत्याही निबंधकाकडे होत नाही आणि तरीही त्याच्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास एखाद्या हुकूमनाम्याइतका असतो. त्याला कोणी फारकतनामा म्हणतो, कोणी सोडचिठ्ठी. मजकूर ठराविक. पती-पत्नीचे पटत नाही. पंचांसमक्ष आपखुशीने वेगळे होत आहोत. पत्नीला एकरकमी इतके रुपये रोख मिळाले. आणि मग ते वाक्य : मुलावर पतीचा यापुढे काही हक्क राहणार नाही व मुलाच्या खर्चाची कोणतीही जबाबदारी त्याच्यावर राहणार नाही. खाली दोन सह्या, किंवा एक सही आणि एक अंगठा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात असल्या करारांना शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. कागदाची किंमत पाचपट झाली. मुलापुरते त्याचे कायदेशीर मोल शून्य होते, ते शून्यच राहिले.

हे मोल शून्य का, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. कारण शिकलेसवरलेले लोकही येथे गफलत करतात. पोटगी म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, असा आपला समज आहे. बायकोने ती सोडली की प्रश्न मिटला, असे त्यावरून आपण ठरवतो. परंतु मुलाचा निर्वाहखर्च हे आईचे येणे नव्हे. तो मुलाचा स्वतःचा हक्क आहे; आई केवळ त्याच्या वतीने मागणारी. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर धनको अज्ञान आहे, ऋणको सज्ञान आहे, आणि पावती लिहून देणारी व्यक्ती धनको नाही. दुसऱ्याचे कर्ज माफ करण्याचा अधिकार जगातल्या कोणत्याही व्यवहारात तिसऱ्याला नसतो. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्ध जाणारा करार रद्दबातल मानते. कर्नाटकातील एका पत्नीने अवघे आठ हजार रुपये घेऊन 'यापुढे काहीही मागणार नाही' अशी तडजोड न्यायालयात लिहून दिली होती. तीसुद्धा तिचा पुढचा दावा रोखू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. सज्ञान स्त्रीने स्वतःचा हक्क सोडला तर ही स्थिती; मग तिने मुलाचा सोडला, त्याची काय कथा!

फौजदारी संहितेत ही तरतूद फार जुनी आहे. १८९८ च्या संहितेत ती कलम ४८८ म्हणून होती, १९७३ च्या संहितेत १२५ झाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ती कलम १४४ आहे. आकडे बदलले, गाभा तोच. पुरेशी साधने असलेल्या माणसाने आपल्या औरस वा अनौरस अज्ञान मुलाची हेळसांड केली, तर दंडाधिकारी त्याला दरमहा रक्कम देण्यास भाग पाडू शकतो. 'औरस वा अनौरस' हे शब्द नीट वाचावेत. धर्म, जात, जमात, लग्न लागले की नाही, यांपैकी कशावरही मुलाचा हा हक्क अवलंबून नाही. 'माझ्याजवळ काही नाही' ही सबबही धडधाकट माणसाला सहजी उपयोगी पडत नाही. प्रसंगी अंगमेहनत करून त्याने कुटुंब पोसले पाहिजे, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले आहे.

तर मग बापाला बाहेर पडायची वाटच नाही काय? दोन आहेत. पहिली दत्तकाची. मूल विधिपूर्वक दुसऱ्या घरी गेले की जन्मदात्याशी असलेले नाते कायद्याने संपते आणि त्याबरोबर जबाबदारीही. दुसरी वाट, तो बाप नव्हताच हे सिद्ध होण्याची. विदर्भातल्याच एका प्रकरणात २०१४ मध्ये डीएनए चाचणीने तसे दिसून आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्या गृहस्थाला मुलीच्या खर्चातून मोकळे केले. मात्र आधी दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत, असेही सांगितले. या दोन्ही वाटांत एक समान गोष्ट आहे. एकीत मुलाला दुसरा बाप मिळतो, दुसरीत मुळात बापच दुसरा असतो. बाप आहे, जिवंत आहे, कमावता आहे आणि तरीही 'मी नाही' म्हणतो, असा राजीनामा स्वीकारणारे कार्यालय या देशात नाही.

यावर एक युक्तिवाद अलीकडे शहरी तरुणांकडून ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आईला मूल नको असेल तर ती ते बालकल्याण समितीपुढे रीतसर समर्पित करू शकते. मग बापालाच जन्मभराची बेडी का? बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३५ मध्ये अशा समर्पणाची सोय आहे, हे खरे. पण ती नीट पाहावी. आपल्या आवाक्याबाहेरच्या शारीरिक, भावनिक वा सामाजिक कारणांमुळे मूल सांभाळणे शक्य नाही, हे समितीला पटवावे लागते. समिती चौकशी करते, समुपदेशन करते, लेख करून घेते, आणि त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिने देते. हे सारे कशासाठी? मूल दुसऱ्या घरात सुखरूप पोचावे यासाठी. समर्पण करणारी आई मुलाला राज्याच्या हाती देते. मुद्रांकावर सही करणारा बाप त्याला आईच्या अंगावर टाकतो. शिवाय मूल विवाहित जोडप्याचे असेल तर समर्पणाला दोघांच्याही सह्या लागतात. एकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर दत्तकविधानाचे नियम त्या मुलाला समर्पित न मानता परित्यक्त मानतात. म्हणजे बाप पळाला असेल, तर समितीच्या दारात स्वतःहून गेलेल्या आईचे मूलदेखील कागदोपत्री 'टाकलेले' ठरते.

अमेरिकेतही हा वाद झाला आहे. तेथील बहुतेक राज्यांत पालकत्वाचे हक्क स्वेच्छेने सोडण्याची तरतूद आहे. परंतु केवळ खर्च चुकवण्यासाठी बाप असा अर्ज घेऊन आला तर न्यायालये सहसा तो मानत नाहीत. सावत्र पिता दत्तक घ्यायला पुढे आला असेल तर गोष्ट निराळी. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या देशाने ही मर्यादा पाळावी, यामागे भावनेइतकाच हिशेब आहे. बापाने टाकलेला खर्च नाहीसा होत नाही. तो आईवर, आजोळावर किंवा करदात्यावर जातो.

आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राला भूषणावह आहे आणि त्या भूषणातच एक उणीव दडलेली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. अशाच एका मातेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने स्वतः दत्तक घेतला. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या पुढाकाराने बालकाश्रम उभा राहिला. क्षेत्राच्या ठिकाणी आणून सोडलेल्या बाळांचे त्याने प्राण वाचवले. ही कामे केवढी मोठी, हे सांगायला नको. परंतु त्या साऱ्या कथेत आई आहे, मूल आहे, दाते आहेत, सुधारक आहेत. बाप मात्र कोठेच नाही. त्याच्याकडून एक पैसाही वसूल करावा, हे त्या काळी कोणाच्या मनातही येणे कठीण होते. प्राण वाचले हेच पुष्कळ. दीडशे वर्षांनंतर आपणही तेवढ्यावरच समाधान मानावे काय?

आता गोंडपिपरीकडे येऊ. हा तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. पूर्वेला वैनगंगा, तिच्यापलीकडे आष्टी आणि गडचिरोली जिल्हा. दक्षिणेला वर्धा, आणि पोडशाचा पूल ओलांडला की तेलंगणातील सिरपूर. धानाचा हंगाम संपला की येथली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, उन्हाळ्यात तेंदूपाने गोळा करतात. कोणी बल्लारपूरच्या कारखान्याकडे, कोणी कोळशाच्या खाणींकडे वळतो. संसार मोडला की पुरुषाला दूर जावे लागत नाही. नदी ओलांडली की पुरे. पलीकडे दुसरे राज्य, दुसरी भाषा, दुसरे पोलीस ठाणे. कायद्याप्रमाणे आई जेथे राहते तेथेच अर्ज करता येतो, आणि बाप जेथे असेल तेथे हुकुमाची अंमलबजावणी करता येते. कागदावर ही तरतूद निर्दोष आहे. प्रत्यक्षात गोंडपिपरीहून निघालेले समन्स सिरपूर-कागजनगरकडे जाते आणि 'इसम मिळून आला नाही' या शेऱ्यानिशी परत येते.

वर्धेच्या वरच्या अंगाला, यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणीच्या परिसरात तर या पळवाटेने एका जमातीलाच घायाळ केले आहे. कोलाम मुलींना लग्नाचे आमिष दाखवायचे, मूल व्हायच्या सुमारास परागंदा व्हायचे. ठेकेदार, वाहनचालक, फिरते व्यापारी अशा बाहेरच्यांच्या या प्रतापांवर गेली कित्येक वर्षे वृत्तपत्रे लिहीत आहेत, विधिमंडळात चर्चा होत आहेत. 'कुमारी माता' हा शब्द त्यातून शासनाच्या टिपणांत शिरला. मला त्या शब्दाचे नेहमी नवल वाटते. माता कुमारी, हे आपण नोंदवले. पिता कोण आणि त्याच्याकडे येणे किती, याची नोंदवही कोणी घातली नाही. शिलाई यंत्रे वाटली, अनुदाने दिली, पुनर्वसनाच्या योजना आखल्या. वसुली कोणाकडून करायची तो माणूस मात्र दुसऱ्या तालुक्यात ठेका घेऊन मोकळा.

मग स्त्री त्या निरर्थक कागदावर अंगठा का उठवते? अज्ञान, असे उत्तर आपण देतो आणि मोकळे होतो. मला ते पटत नाही. एक साधा हिशेब मांडून पाहू. मूल सहा वर्षांचे आहे आणि न्यायालयाने दरमहा दोन हजार रुपयांचा हुकूम दिला, असे धरा. अठरा वर्षांपर्यंतच्या बारा वर्षांत ही रक्कम दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होते. उलट फारकतीच्या वेळी तिच्या हातावर रोख दहा हजार ठेवले जातात. रुपयामागे साडेतीन पैसे! पण दुसरी बाजू पाहा. प्रत्येक तारखेला तिची एका दिवसाची मजुरी बुडते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, एवढाच दिलासा. झेरॉक्स, चहा, कारकुनाची मनधरणी हे वेगळेच. वर्षात बारा तारखा पडल्या आणि प्रत्येकीला चारशे रुपये गेले, तर हाती एक छदामही येण्यापूर्वी जवळजवळ पाच हजार खर्च होतात. आणि हुकूम झाल्यावर वसुली होईल, याची खात्री कोण देतो? अशा स्थितीत ती दहा हजार घेते, तेव्हा ती अडाणी नसते. शासनाच्या हुकुमाला बाजारात जो भाव आहे, त्या भावाने ती तो विकते. रोखा बुडीत निघण्याची शक्यता जितकी अधिक, तितकी त्यावरची सूट अधिक, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

ही सूट इतकी मोठी का, याचे उत्तर वसुलीच्या तरतुदीत आहे. बापाने पैसे दिले नाहीत तर आईने पुन्हा अर्ज करायचा; रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा, नाहीतर या मार्गाने तिची वसुली बुडाली. मग जप्तीचे वॉरंट निघते. तरीही पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पण कैदेतला मजूर कमावतही नाही. दरमहाच्या रकमेवरची पाचशे रुपयांची कमाल मर्यादा केंद्रीय कायद्यातून जायला २००१ साल उजाडले. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ च्या सप्टेंबरात दाखल झालेला एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्याचा निकाल लागला. त्या निकालाने देशभरासाठी चांगले दंडक घालून दिले : दोन्ही पक्षांनी मिळकतीचे शपथपत्र द्यावे, रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळावी. परंतु अर्जाच्या वर्षी तान्हे असलेले ते मूल निकालाच्या वेळी सात वर्षांचे झाले होते. नागपुरात, वकील असताना, ही गत. जंगलपट्टीतल्या तालुक्यातील एकट्या बाईने कोणत्या आशेवर तारखा मोजाव्यात?

म्हणून माझे म्हणणे असे की, बापाला राजीनामा देऊ द्यावा की नाही हा वाद घालण्याऐवजी वसुलीचे काम आईकडून काढून घ्यावे. हुकूम झाला की ती रक्कम शासनाने मुलाच्या खात्यात आगाऊ भरावी, आणि मग धनको म्हणून शासनानेच बापामागे लागावे. ही कल्पना काही नवी नाही. स्वीडनने १९३७ मध्ये अशी आगाऊ पोटगी सुरू केली. पश्चिम जर्मनीने १९८० पासून, आणि २०१७ मध्ये जर्मनीने ती अठरा वर्षांपर्यंत वाढवली. तेथेही सगळी वसुली होत नाही. पण वसुली न झाल्याचा तोटा शासन सोसते, मूल नव्हे. एकटी बाई सिरपूरच्या ठाण्यात जाऊन काय करणार? जिल्हाधिकाऱ्याचे पत्र मात्र जाऊ शकते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली कशी करतात, हे त्या खात्याला शिकवावे लागत नाही.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. महाराष्ट्रात एकट्या पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम ४२५ वरून ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. म्हणजे करदाता आजही पळून गेलेल्या बापाचा वाटा भरतोच आहे. फरक इतकाच की, तो परत मागत नाही. शिवाय या राज्याने एकदा असे धाडस केलेले आहे. १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी व्यवसाय कर बसवला आणि तो आपण शिक्षक-कारकून मंडळी आजतागायत पगारातून निमूटपणे भरतो. अनोळखी मजुराच्या कामासाठी ज्या समाजाने एवढे मान्य केले, तो मुलाच्या अन्नासाठी मान्य करणार नाही, असे मला वाटत नाही.

अशाने बायका-मुले टाकणे सोपे होईल, ही शंका रास्त आहे. सरकार भरतेच आहे, मग मी कशाला, असे बाप म्हणेल. पण आज टाकणे अवघड आहे, असे कोण म्हणेल? उलट धनको बलवान झाला की ऋणको वळणावर येतो. अगदी गरीब बाप, दुसरा संसार, आजारपण, ही संकटे खरी असतात; परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागण्याची सोय कायद्यात आहेच. त्याने ती न्यायालयात मागावी, पंचांपुढे नव्हे. आणि ओघात एक सांगितले पाहिजे. मुले टाकणारे सगळे मजूर नसतात. पगारदारांतही ते आहेत, आपल्या शेजारच्या टेबलावरही असतील. त्यांच्या बाबतीत न्यायालयाचा हुकूम आला की पगारातून परस्पर कपात करणे कार्यालयाला सहज शक्य असते. 'आपलाच माणूस' म्हणून ती फाईल जो तळाला ढकलतो, तो कारकून त्या फारकतनाम्यावर साक्षीदाराची सही करत असतो.

महाविद्यालयात या प्रश्नाचे आणखी एक टोक दिसते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर 'वडिलांचे उत्पन्न' हा रकाना येतो. जात पडताळणीला वडिलांकडच्या नातलगांचे दाखले लागतात. ज्याने बारा वर्षांत वहीसाठी पैसे दिले नाहीत, त्याच्या गावी मुलगी शाळा सोडल्याचा दाखला मागायला जाते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव आवश्यक झाले, हे चांगले झाले. पण आज वर्गात बसलेल्या मुली त्याआधीच्या आहेत. शिवाय कलम १४४ ची पोटगी साधारणतः अठराव्या वर्षी थांबते, नेमकी महाविद्यालयाची पायरी चढताना. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ चे कलम २० अविवाहित मुलीला, ती स्वतःचे पोट भरू शकत नसेल तर, त्यापुढेही आधार देते. तो अधिनियम मात्र अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज, लागू नाही. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी कुणबी मुलीला जो दावा करता येतो, तो गोंड मुलीला या कायद्याखाली करता येत नाही. रूढींचे रक्षण करण्याच्या हेतूने ठेवलेली ही सूट मुलीच्या शिक्षणाच्या आड यावी, असे त्या जमातीतल्या कोणालाही वाटत नसेल. विधिमंडळातील आदिवासी सदस्यांनी तरी हा मुद्दा धसास लावावा.

हे सारे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत उपलब्ध असलेली सोय पुष्कळांना ठाऊक नाही. १९८७ च्या विधी सेवा अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. अर्ज आई राहते त्या तालुक्याच्या न्यायालयात करता येतो, आणि फारकतनाम्यावर पाच वर्षांपूर्वी अंगठा दिलेला असला तरी मुलासाठी आजही करता येतो. मात्र पैसे मोजले जातात ते अर्जाच्या दिवसापासून. गेलेले महिने या अर्जात भरून मिळत नाहीत. म्हणून गावातल्या शिक्षकाने एवढे करावे. पटावर ज्या मुलाच्या बापाचा पत्ता नाही, त्याच्या आईला पुढच्या सोमवारी न्यायालयात घेऊन जावे.